डोळ्यातला कोंडा आणि काचबिंदू

साठी ओलांडलेले बहुतेक पेशंट माझ्यासमोर बसतात ते एकच प्रश्न घेऊन, "डॉक्टर, मोतीबिंदू पिकला का बघा." काचबिंदूचं नाव क्वचितच कोणी काढतं. खरं तर धास्ती घ्यायला हवी ती त्याची. मोतीबिंदूने गेलेली नजर शस्त्रक्रियेने बहुधा परत मिळते, काचबिंदूने गेलेली मिळत नाही.

काही वर्षांपूर्वी एक निवृत्त गुरुजी आले, वय ६८. चष्म्याचा नंबर तपासायचा होता. बाहुली मोठी करायचे थेंब घालू म्हटलं, तर म्हणाले, "नको हो, स्कूटरवर आलोय, परत जाताना दिसायचं नाही." सकाळची वेळ, बाहेर गर्दी. डोळ्यातला दाब १८ भरला. साधारणपणे १० ते २१ हा दाब ठीक मानतात. मीही आग्रह सोडला, लहान बाहुलीतूनच मागची नस ओझरती पाहिली आणि नवा नंबर लिहून दिला.

दोन वर्षांनी गुरुजी पुन्हा आले ते उजव्या अंगाला दाराची चौकट लागते म्हणून. तक्त्यावरची बारीक ओळ त्यांनी उजव्या डोळ्यानेही वाचली. पण दाब होता ३८. या वेळी थेंब घातले. बाहुली नेटाने मोठी होईना. झाली तेवढ्यातून भिंगावर तांदळाची पिठी भुरभुरावी तसा करडा-पांढरा थर दिसला. मध्ये एक चकती, कडेला कंकण आणि या दोहोंच्या मधला पट्टा स्वच्छ, कारण बाहुली लहानमोठी होताना तेवढी जागा घासली जाते. कडेचं कंकण बाहुली मोठी केल्याशिवाय दिसत नाही.

या विकाराला सूडोएक्सफोलिएशन म्हणतात. फिनलंडचे नेत्रवैद्य जॉन लिंडबर्ग यांनी १९१७ मध्ये त्याचं वर्णन केलं. पूर्वी काचेच्या भट्टीवर काम करणाऱ्यांच्या भिंगाची साल उष्णतेने खरोखरच सुटत असे. इथे तसं सोलपटणं नसतं, म्हणून नावात 'सूडो', म्हणजे खोटं. आपण सोयीसाठी कोंडा म्हणू. वय वाढेल तसं डोळ्यातल्या पेशी सदोष, तंतुमय प्रथिनं तयार करतात आणि ती साचत जातात. पन्नाशीच्या आत हे विरळाच. त्वचेत, रक्तवाहिन्यांतही हा पदार्थ सापडतो. स्कॅन्डिनेव्हियात याचं प्रमाण पुष्कळ, पण दक्षिण भारतातल्या पाहण्यांतही तो आढळला आहे. २००७ मध्ये आइसलँडच्या संशोधकांनी एलओएक्सएल-१ या जनुकाशी त्याचा संबंध दाखवला. मात्र तो जनुकभेद निरोगी माणसांतही सर्रास असतो, त्यामुळे रक्त तपासून काही ठरत नाही.

आता काचबिंदू कसा होतो? डोळ्याच्या पुढच्या भागात एक पाणी सतत तयार होतं आणि कोपऱ्यातल्या बारीक जाळीतून वाहून जातं. मोरीच्या जाळीत केस अडकले की त्यावर साबणाचा गाळ धरतो, तसंच इथे घडतं. बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा खरखरीत भिंगावर घासतो, त्याचा रंग सुटतो आणि कोंडा व रंग दोन्ही जाऊन जाळीत बसतात. पाणी तुंबतं, दाब वाढतो आणि मागची नस कडेकडेने मरत जाते. मधली नजर शेवटपर्यंत टिकते, म्हणूनच गुरुजी तक्ता वाचू शकत होते. यातला दाब दिवसभरात खूप वरखालीही होतो, त्यामुळे एका सकाळचा १८ हा आकडा काही सांगत नव्हता. तो मी पुरेसा मानला, हे मला आजही टोचतं.

कोंडा असलेल्या प्रत्येकाला काचबिंदू होतोच असं नाही, पण धोका बराच वाढतो. बऱ्याचदा आधी एकच डोळा धरतो. मोतीबिंदू काढून कोंडा जात नाही; उलट भिंगाला धरणारे धागे त्याने कमकुवत झालेले असतात, म्हणून शस्त्रक्रियेआधी सर्जनला त्याची कल्पना हवी. कोंडा विरघळवणारं औषध नाही. थेंब, लेसर आणि गरज पडल्यास शस्त्रक्रिया, हे सारे उपाय दाब उतरवण्याचे.

गुरुजींना मी सगळं सांगितलं, माझी चूकसुद्धा. ते थोडा वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "डावा तरी सांभाळा." थेंबांनी भागलं नाही, तेव्हा उजव्या डोळ्याला लेसर केला. डाव्या डोळ्यातही कोंडा आहे, पण नस अजून शाबूत आहे. स्कूटर त्यांनी विकली. दर तीन महिन्यांनी नातवाबरोबर रिक्षाने येतात आणि खुर्चीत टेकायच्या आधीच म्हणतात, "आधी थेंब घाला."