शुद्ध आणि भान



भाषेच्या अध्यापकाने विषासंबंधी बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु माझा विषय दोन मराठी शब्दांमधील अंतर हाच आहे. विषबाधा झालेला मनुष्य डोळे उघडतो, तेव्हा आपण म्हणतो, 'शुद्धीवर आला'. भान येणे ही त्याहून निराळी गोष्ट आहे. इस्पितळातून घरी पाठवताना शुद्ध तपासली जाते. भानाची चौकशी सहसा कोणी करीत नाही.

निपाणी हा तंबाखूचा मुलूख. ओली हिरवी पाने हाताळणाऱ्याला मळमळते, चक्कर येते, कारण निकोटिन मज्जातंतूंच्या निरोपात ढवळाढवळ करते. हा निरोप ॲसिटिलकोलीन नावाचे द्रव्य पोहोचवते आणि काम झाले की कोलिनएस्टरेज हे विकर त्याची विल्हेवाट लावते. सेंद्रिय फॉस्फरसयुक्त फवारणीची औषधे ('औषध' हा शब्द आपण किती सहज वापरतो!) या विकरालाच जायबंदी करतात. मग निरोप थांबतच नाही. लाळ, घाम, झटके आणि अखेर श्वास कोंडणे. युद्धातले मज्जाविष याच कुळातले. जर्मनीत गेरहार्ड श्राडर कीटकनाशके शोधीत असता १९३६ साली त्यांच्या हाती ताबुन लागले.

उपचार आहेत. ॲट्रोपिन लक्षणे आवरते, 'पॅम' वेळेवर दिल्यास विकराची सुटका करते. सैनिकांसाठी आणखी एक युक्ती अभ्यासली गेली: मानवी रक्तातलेच ब्युटिरिलकोलिनएस्टरेज आधी टोचून ठेवायचे, म्हणजे विष मेंदूपर्यंत जाण्यापूर्वी रक्तातच पकडले जाईल. मात्र त्याचा एक रेणू विषाचा एकच रेणू धरतो आणि त्यातच खर्ची पडतो. त्यामुळे मात्रा मोठी लागते, आणि निसटलेले विष आपले काम करतेच. प्राण वाचले म्हणून स्मरणही शाबूत राहिले, असे गृहीत धरता येत नाही.

निकाराग्वामध्ये अशा विषबाधेतून बचावलेल्या ३६ पुरुषांची सुमारे दोन वर्षांनी तपासणी झाली. तिचा वृत्तान्त १९९१ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. एकाग्रता, दृश्यस्मृती, हातांची चपळाई, अडचण सोडवणे, या साऱ्यांत ते इतरांच्या मागे होते. टोकियोत २० मार्च १९९५ रोजी भुयारी रेल्वेत सारिन सोडले गेले. तेथील बचावलेल्यांतही विस्मरणाच्या तक्रारी नोंदल्या गेल्या.

आपल्याकडे २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-मजूर दगावले, शेकडो इस्पितळात गेले. मृतांची गणती झाली, चौकशी झाली. घरी परतलेल्यांतला एखादा पुढे पाण्याची पाळी विसरू लागला, बोलता बोलता शब्दासाठी अडू लागला, तर गाव त्याला आळशी म्हणते, घरचे वेंधळा म्हणतात. विषाचे नाव कोणाच्या तोंडी येत नाही.

या भागातील डॉक्टर आणि शिक्षक, ज्यांपैकी कित्येक आज येथे बसले आहेत, त्यांच्याकडे माझे एवढेच मागणे आहे: अशा माणसाकडे सहा महिन्यांनी पुन्हा जावे. उधारीचा हिशेब तोंडी होतो का, सकाळी सांगितलेला निरोप संध्याकाळी आठवतो का, हे त्याला आणि त्याच्या घरच्यांना विचारावे, आणि उत्तर तारखेसह त्याच्या कागदावर लिहून ठेवावे.