पास आहे, पण जागा?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

रेल्वेचा पास खिशात असणे आणि गाडीत बसायला जागा असणे, या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे कुळगाव-बदलापूरच्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. पण हाच माणूस मुलाकडे जर्मनीला निघाला, दोन महिन्यांचा युरोपचा रेल्वे पास काढला, की त्याला वाटते, झाले, आता कुठल्याही गाडीत चढावे आणि खिडकीशी बसावे. दुकानातला माणूसही पास विकताना गाड्यांची चित्रे दाखवतो, जागेचे बोलत नाही. म्हणून आज जागेविषयीच बोलायचे आहे.

आधी आपल्याकडचे पाहू. बदलापूर ते मुंबई हे अंतर अडुसष्ट किलोमीटर. मासिक पासाची रक्कम पंधरा एकेरी प्रवासांच्या भाड्यावर ठरते आणि प्रवास मात्र पन्नासेक होतात. २०१४ च्या जून महिन्यात हा हिशेब तीस प्रवासांवर नेण्याचे घाटत होते. ओरड झाली आणि उपनगरी दुसऱ्या वर्गासाठी तो निर्णय मागे घेतला गेला. इतक्या स्वस्तात रेल्वे आपल्याला नेते. बसवून नेईन, असे मात्र तिने कधीच म्हटलेले नाही.

मग जागा मिळते कशी? तर लोकांनीच आरक्षणाची एक पद्धत बसवली आहे. तीन जणांच्या बाकावर चौथा माणूस अर्धवट टेकतो, ती ‘चौथी सीट’. उभा असलेला बसलेल्याला विचारतो, ‘कुठे?’ तो म्हणतो, ‘घाटकोपर.’ झाले, घाटकोपरपासून ती जागा याची! ना पावती, ना क्रमांक. मागून आलेल्या तिसऱ्याने त्या जागेवर हक्क सांगितला, तर सारा डबा साक्षीला उभा राहतो. शब्दावर चालणारे असे आरक्षण जगात दुसरीकडे क्वचितच असेल.

याच पद्धतीची दुसरी बाजू कडू आहे. बदलापूरहून सुटणाऱ्या लोकलमध्ये जागा मिळावी म्हणून अंबरनाथ-उल्हासनगरचे काही प्रवासी सकाळी आधी उलटे बदलापूरला येतात आणि त्याच गाडीत बसून परत मुंबईकडे जातात. गाडी फलाटाला लागते तेव्हा खिडक्या भरलेल्याच असतात. बदलापूरकर चिडतो, आणि ते बरोबरच आहे. गाडी त्याच्या गावची आणि उभा तोच. पण उल्हासनगरच्या फलाटावर सकाळी आठ वाजता उभे राहून पाहा. तिथे जागा दूरच, दारात पाय ठेवायला मिळाला तरी पुष्कळ. गुडघे दुखणारा साठीचा माणूस किंवा सातवा महिना लागलेली बाई वीस मिनिटे आधी निघून उलटी आली, तर तिला कोणत्या तोंडाने उठवायचे? माझे मत विचाराल तर दोष माणसांचा कमी आणि गाड्यांच्या संख्येचा जास्त आहे.

ऑगस्ट २०२२ मध्ये हाच प्रश्न वेगळ्या रूपात आला. नेहमीच्या लोकलच्या जागी वातानुकूलित लोकल धावू लागल्या आणि साध्या पासवाल्यांची जागाच नव्हे, तर गाडीच गेली. कळव्यात आणि बदलापुरात प्रवासी स्टेशनवर जमले, आंदोलन झाले, आणि मध्य रेल्वेने वाढवलेल्या दहा वातानुकूलित फेऱ्या मागे घेतल्या. हा प्रसंग लक्षात ठेवा, कारण युरोपच्या पासवाल्याची अडचण नेमकी याच जातीची आहे.

युरेल पास १९५९ साली निघाला, तो युरोपाबाहेरून येणाऱ्यांसाठी. युरोपात राहणाऱ्यांसाठी १९७२ साली इंटररेल आला. सुरुवातीला फक्त एकवीस वर्षांपर्यंतच्या मुलांना. म्हणजे म्युनिकला नोकरी करणारा मुलगा इंटररेल काढणार आणि बदलापूरहून गेलेले आईवडील युरेल. गाड्या त्याच, नियम जवळपास तेच. फरक एवढाच, की मुलाला स्वतःच्या राहत्या देशात हा पास मनसोक्त वापरता येत नाही. देशाबाहेर जाण्यापुरता आणि परतण्यापुरताच चालतो. त्या काळात गाडीत चढून रिकामी जागा पाहून बसायचे, हीच रीत होती. पुढे फ्रान्समध्ये टीजीव्ही धावू लागली, तशा अतिवेगवान गाड्या इटली-स्पेनमध्येही आल्या. त्यांत प्रत्येक प्रवाशाला ठरलेली जागा. उभ्याने जाणे नाही. लांबच्या मार्गांवर याच गाड्या मुख्य झाल्या आणि नुसता पास दाखवून चढण्याची सोय तिथे संपली.

म्हणून देशागणिक हिशेब वेगळा. फ्रान्सची टीजीव्ही, इटलीची फ्रेच्यारोसा, स्पेनची आवे आणि लंडन-पॅरिस धावणारी युरोस्टार यांत पास असला तरी आरक्षण सक्तीचे, आणि त्याचे पैसे वेगळे. देशांतर्गत गाडीला साधारण दहा-वीस युरो, युरोस्टारला तीस युरोच्या आसपास किंवा वर. चार माणसांचे कुटुंब आणि अशा पाच गाड्या, असा गुणाकार घरीच करून पाहावा. त्यातही टीजीव्ही आणि युरोस्टारमध्ये पासवाल्यांसाठी ठरावीक जागा असतात. त्या संपल्या, की गाडी अर्धी रिकामी असली तरी तुम्हाला पूर्ण भाड्याचे तिकीट काढावे लागते. आपल्यासारखे आरएसी नाही, प्रतीक्षा यादीत नाव घालून देवावर हवाला ठेवणे नाही. उन्हाळ्यात जाणार असाल तर या गाड्यांचे आरक्षण आधी करा आणि बाकीचा बेत त्याभोवती आखा.

जर्मनी आणि स्वित्झर्लंड यांचे उलट आहे. स्वित्झर्लंडमधल्या साध्या गाड्यांत सरळ चढावे. ग्लेशियर एक्सप्रेससारख्या खास प्रेक्षणीय गाडीला तेवढे जागेचे पैसे द्यावे लागतात. जर्मनीच्या आयसीई गाडीत आरक्षण ऐच्छिक; पाच-सहा युरोंत होते. जागेच्या वरच्या छोट्या पाटीवर ती कोठून कोठपर्यंत राखलेली आहे ते लिहिलेले असते. कलोन ते फ्रँकफुर्ट असे दिसले आणि तुम्ही कलोनच्या आधीच उतरणार असाल तर खुशाल बसा. आपल्या ‘कुठे?’ ‘घाटकोपर’चीच ही लेखी आवृत्ती म्हणा. गाडी सुटून पंधरा मिनिटे झाली आणि आरक्षणवाला आलाच नाही, तर त्याचा हक्क संपतो. रुमाल टाकून दिवसभर जागा अडवणाऱ्यांनी हा नियम अवश्य ऐकावा.

पैसे वाचवायचे असतील तर एक मार्ग कुळगावच्या माणसाला सहज सुचेल. फास्ट सोडावी, स्लो धरावी. फ्रान्सच्या टीईआर किंवा इटलीच्या रेजोनाले या प्रादेशिक गाड्यांना सहसा आरक्षण लागत नाही. दोन तासांचे पाच होतात, पण द्राक्षमळे दिसतात. सामान थोडे असावे, कारण गाडी दोनदा-तीनदा बदलावी लागते. रात्रीच्या गाडीत बर्थचे पैसे हमखास द्यावे लागतात, मात्र पासाचा एकच दिवस खर्ची पडतो, ज्या दिवशी चढलात तो. मध्यरात्रीनंतर दुसरी गाडी पकडली नाही म्हणजे झाले.

पास हल्ली मोबाइलमध्ये असतो. गाडीत चढण्यापूर्वी ती गाडी त्यात नोंदवावी लागते; तपासनीस आल्यावर घाईने नोंदवणे चालत नाही. आरक्षण केले असेल तर डब्याचा क्रमांक पाहून फलाटावर योग्य जागी उभे राहावे. जर्मनीत फलाटाचे ए, बी, सी असे भाग पाडलेले असतात आणि तुमचा डबा कोणत्या अक्षराशी येणार ते फलकावर दिसते. गाडी दोन-तीन मिनिटे थांबते. बदलापूरला वीस सेकंदांत चढणाऱ्याला ती पुष्कळ झाली, पण बरोबर आजी आणि दोन मोठ्या बॅगा असतील तर आजीला आधी चढवावे, बॅगा मागून.