पंधरा तारखेपर्यंत
(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी फोनवर विषय विचारला तेव्हा मी म्हणालो, "इंग्रजीतला बाय." पलीकडे जरा शांतता पसरली. मग प्रश्न आला, "टाटा-बाय बायमधला का?" नाही, तो वेगळा. मी बोलणार आहे तो बी आणि वाय असा दोनच अक्षरांचा बाय. लोहाऱ्यात इतक्या वर्षांनी सगळे भेटलो असताना हा काय व्याकरण घेऊन बसला, असे तुम्हाला वाटेल. पण या बायपायी माझी पहिली नोकरी जाता जाता राहिली.

आपल्याला इंग्रजी पाचवीपासून होते. आजच्या पोरांसारखे पहिलीपासून नव्हते. ते 2000 साली सुरू झाले. सरांनी फळ्यावर यादी लिहून दिली होती आणि आपण ती पाढ्यासारखी म्हणायचो. इन म्हणजे आत, ऑन म्हणजे वर, अंडर म्हणजे खाली, टिल म्हणजे पर्यंत, बाय म्हणजे ने. बसने जातो, बाय बस. रामाने रावण मारला, तर रावण वॉज किल्ड बाय राम. मागच्या बाकावरून आवाज सगळ्यात मोठा यायचा, आणि मागच्या बाकावर कोण बसायचे ते मी सांगत नाही, ते आज पहिल्या रांगेत बसले आहेत.

शाळा सुटल्यावर मी एका डाळ मिलमध्ये कारकून म्हणून लागलो. मिलचे नाव सांगत नाही. शेठजींना इंग्रजी येत नव्हते आणि मद्रासच्या व्यापाऱ्याला हिंदी येत नव्हते, म्हणून मधला पूल मी. फेब्रुवारीत नवी तूर आली होती. मद्रासहून 100 क्विंटल डाळीची मागणी आली. शेठजी म्हणाले, "लिही बाबू, पंधरा मार्चपर्यंत माल पाठवतो." मी टाइपरायटरवर कार्बन लावून ऐटीत लिहिले, "वुई विल सेंड द दाल टिल फिफ्टीन्थ मार्च." टिल म्हणजे पर्यंत. पाढा पाठच होता.

आठ दिवसांनी तार आली, पहिला माल अजून का नाही? शेठजी हसले, म्हणाले, मद्रासी मोठा घाईचा दिसतो, पंधराला अजून वेळ आहे. आम्ही डाळ भरडत राहिलो. आणखी चार दिवसांनी दुसरी तार आली, सौदा रद्द.

माझ्या वाक्याचा त्याने लावलेला अर्थ अगदी बरोबर होता. आजपासून पंधरा मार्चपर्यंत आम्ही डाळ पाठवत राहू, थोडी थोडी, एकामागून एक. त्याने तसे पुढे दुकानदारांना कबूल करून टाकले आणि रोज ट्रकची वाट पाहिली. शेवटी दुसरीकडून माल उचलला. आमची 100 क्विंटल डाळ भरून तयार, आणि गिऱ्हाईक नाही. ती इथेच कमी भावात द्यावी लागली. शेठजींनी मला काढले नाही. मात्र पुढची दोन वर्षे इंग्रजी पत्राला हात लावू दिला नाही. वजनकाट्यावर बसवले. काढले असते तर बरे, असे तेव्हा वाटायचे.

मला तर चूक कुठे झाली हेच कळत नव्हते. ती कार्बन कॉपी खिशात घालून एका रविवारी मी सरांच्या घरी गेलो. सरांनी चष्मा लावला, एकदा वाचले, परत वाचले. मला वाटले, आता छडी नसली तरी बोलणी बसणार. सर म्हणाले, "अरे, हे तुझं नाही चुकलं, माझं चुकलं. बाय म्हणजे पर्यंत असंही असतं, हे मी तुम्हाला सांगितलंच नाही." आणि काकूंना चहा ठेवायला सांगून त्यांनी मला परत पाचवीत बसवले.

सर आज समोर आहेत, म्हणून त्यांच्याच शब्दांत सांगतो. ते म्हणाले, "मराठीत आई पोराला सांगते, पाचपर्यंत दुकान उघडं ठेव. आणि आई हेही सांगते, पाचपर्यंत दुकान उघड. दोन्हीकडे पर्यंत आहे. पण पहिल्यात पाच वाजेस्तोवर काम चालूच आहे, तिथे टिल. दुसऱ्यात काम एकदाच व्हायचं, पाचच्या आधी केव्हाही, फार तर पाचला, तिथे बाय." आपण क्रियापदावरून ओळखतो, इंग्रज त्या छोट्या शब्दावरून ओळखतो. डाळ एकदाच पाठवायची होती, म्हणून बाय फिफ्टीन्थ मार्च.

मी माझ्यापुरती एक युक्ती काढली. 'पर्यंत'च्या जागी 'आत' घालून बघायचे. 'आठवड्याच्या आत पैसे देतो' जमते, म्हणजे बाय. 'आठवडाभर थांबतो' असेल तर टिल. आपली शकुंतला घ्या, यवतमाळ-मूर्तिजापूर. ती 1994 पर्यंत वाफेच्या इंजिनावर धावली. वर्षानुवर्षे धावतच होती, म्हणून टिल 1994. आणि 'गाडी सहापर्यंत मूर्तिजापूरला पोचेल' हे वाक्य बायचे. शकुंतलेच्या बाबतीत ते खोटे ठरायचे, पण व्याकरण शुद्ध.

नकार आला की गोष्ट आणखी नाजूक होते. 'तो पाचपर्यंत आला नाही.' इंग्रजीत 'ही डिड नॉट कम टिल फाइव्ह' म्हटले तर ऐकणारा समजतो, पाचला आला. 'ही हॅड नॉट कम बाय फाइव्ह' म्हटले तर पाचला तो आलेला नव्हता एवढेच कळते. पुढे आला की नाही, देव जाणे. कोर्टकचेरीच्या कागदात हा फरक भारी पडू शकतो.

ही अडचण आपली एकट्याची नाही. हिंदीच्या 'तक'चे असेच आहे, आणि जर्मन भाषेतही दोन्हींसाठी 'बिस' हा एकच शब्द आहे, त्यामुळे जर्मन माणूसही इथेच अडखळतो. हे मला फार उशिरा कळले, पण कळल्यावर वजनकाट्यावरची दोन वर्षे जरा हलकी झाली. जाता जाता, टिलमध्ये दोन एल आणि अनटिलमध्ये एकच. आणि त्या 'अन'चा नकाराशी काही संबंध नाही. आपल्या वर्गात एकाने 'अनटिल म्हणजे पर्यंत नाही' असे परीक्षेत लिहिले होते. तो आता वकील आहे.

परवा पुण्याहून पुतण्याने त्याच्या साहेबाला पाठवायचा ईमेल मला दाखवला. "आय विल सबमिट द रिपोर्ट टिल मंडे." कॉम्प्युटर इंजिनिअर, पहिलीपासून इंग्रजी! मी म्हणालो, म्हणजे सोमवारपर्यंत रोज तोच रिपोर्ट देत बसणार का? तो हसला, म्हणाला, "काका, साहेबाला समजतं." साहेब यवतमाळचाच असेल तर समजेलही. मी त्याला तार दाखवली. हो, ती दुसरी तार मी अजून जपून ठेवली आहे. त्याने काही न बोलता टिल खोडून बाय केले.

सर, त्या रविवारी चहा पिऊन निघताना तुम्ही म्हणालात की पुढच्या वर्षीच्या पाचवीला यादी बदलून देईन. तुम्ही ती दिलीत. माझी धाकटी बहीण त्या वर्गात होती. तिच्या वहीत 'बाय म्हणजे ने' याच्या खाली दोन ओळी जास्त होत्या आणि उदाहरण डाळीचे होते. घरी मी ते वाचले आणि कोणाला काही बोललो नाही. आज बोलतो आहे.

संयोजक मघापासून घड्याळ दाखवत आहेत. मला सव्वाबारापर्यंत संपवायला सांगितले होते, तो बाय, आणि तो मी मोडला आहे. जेवण दोनपर्यंत आहे, तो टिल. सावकाश जेवा. वरण तुरीचेच आहे.