पत्राची शिस्त आणि नव्या माणसाचा मान



संगणकावरील पत्रव्यवहाराच्या शिस्तीवर कामगार चळवळीतल्या माणसाने बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. माझे शिक्षण शाळेत थोडे आणि युनियनच्या कचेरीत अधिक झाले. पण माझे आयुष्य अर्ज, नोटिसा आणि त्यांची उत्तरे लिहिण्यात गेले आहे. पत्राने काम कसे होते आणि कसे अडते, एवढे मला कळते.

उदाहरण लिनक्सचे घेतो. १९९१ साली हेलसिंकीच्या लिनस टोर्व्हाल्ड्स या विद्यार्थ्याने हे काम सुरू केले. आज त्याच्या गाभ्यावर देशोदेशींचे हजारो लोक खपतात. त्यांतल्या पुष्कळांनी एकमेकांचे तोंडही पाहिलेले नसते. त्यांचा कारखाना म्हणजे मुख्यतः ई-मेल. दुरुस्ती, जिला ते पॅच म्हणतात, ती पत्रातून पाठवायची आणि सर्वांदेखत तपासून घ्यायची.

या कारखान्याचे काही नियम आहेत. पत्र साध्या मजकुरात हवे. रंग आणि नक्षी नको. दुरुस्ती अटॅचमेंट म्हणून न जोडता पत्राच्या मजकुरातच लिहावी, म्हणजे तपासणाऱ्याला नेमक्या ओळीखाली आपला अभिप्राय देता येतो. नटव्या पत्रात ओळी मोडतात, मोकळ्या जागा बदलतात, आणि मग ती दुरुस्ती यंत्र स्वीकारतच नाही. विषयाच्या ओळीत कामाचा विभाग आणि सारांश द्यावा. पाच पत्रांची मालिका असेल तर हे कितवे, तो आकडाही घालावा.

उत्तराचीही रीत आहे. सबंध जुने पत्र खाली लोंबत ठेवून डोक्यावर ‘मान्य’ एवढेच लिहू नये. लागेल तेवढाच उतारा ठेवावा आणि त्याच्या खाली उत्तर द्यावे. आपण चार्जशीटला मुद्देसूद उत्तर देतो, तसेच हे.

हा सारा खटाटोप कशासाठी? कारण लिहिणारा एक आणि वाचणारे हजार. हजारांचे एकेक मिनिट फुकट गेले, तर सोळा तासांहून अधिक वेळ जातो. म्हणजे आठ तासांच्या दोन पाळ्या बुडाल्या! दुसऱ्याचे श्रम वाचवणे हाच या शिष्टाचाराचा पाया आहे.

परंतु मित्रहो, शिष्टाचाराची दुसरी जातही मी पाहिली आहे. एका कारखान्याच्या कचेरीने समास सोडला नाही म्हणून एका कामगाराचा रजेचा अर्ज परत केला होता. त्या समासाने कोणाचे श्रम वाचत होते? कोणाचेच नाही. वाचत होता तो साहेबाचा तोरा. म्हणून कोणताही नियम पुढे आला की मी एकच विचारतो, हा कष्ट वाचवतो की माणूस अडवतो?

ही कसोटी लिनक्सच्या मंडळींनाही लागते. लातूरचा एखादा पोरगा रात्र जागून पहिली दुरुस्ती पाठवतो, आणि तिच्या ओळी मोडलेल्या निघतात. त्याला ‘आधी नियम वाच’ म्हणून फटकारता येते; किंवा ‘अमुक ठिकाणी मोडले आहे, असे करून पुन्हा पाठव’ असेही लिहिता येते. नियम दोघांनीही पाळला. पण माणूस मात्र एकानेच राखला.

ई-मेलच्या शिष्टाचाराची एक प्रसिद्ध नियमावली ऑक्टोबर १९९५ मध्ये निघाली. रागाचे उत्तर पाठवण्यापूर्वी एक रात्र थांबावे, असे तिच्यात तेव्हाच सांगितले होते. तरी सप्टेंबर २०१८ मध्ये खुद्द टोर्व्हाल्ड्सना आपल्या जहरी पत्रांबद्दल जाहीर माफी मागून काही आठवडे कामातून बाजूला व्हावे लागले. त्याच महिन्यात त्या प्रकल्पाने नवी आचारसंहिता स्वीकारली. ओळ कुठे मोडावी हे त्या मंडळींना केव्हाच ठाऊक होते. माणूस मोडू नये, हे लिहून ठेवायला मात्र फार काळ गेला.

तरुण मित्रांनो, नियम काटेकोर पाळा, कारण त्यात अनोळखी सोबत्याचे श्रम आहेत. आणि ज्याला ते अजून ठाऊक नाहीत त्याला समजावून सांगा, कारण उद्याचे काम त्याच्याच हातून व्हायचे आहे.