जीवदया : मतभेद आणि मैत्री



मुक्या जीवांसाठी झटणाऱ्या संस्थांचे ध्येय एक असूनही त्यांच्यात फूट का पडते, हा प्रश्न सुवर्णमहोत्सवाच्या मंगलप्रसंगी चिंतनीय आहे. इंग्लंडमधील एका चळवळीचा इतिहास या बाबतीत उद्बोधक ठरतो.

प्रयोगशाळांत होणाऱ्या जिवंत प्राण्यांच्या चिरफाडीविरुद्ध फ्रान्सिस पॉवर कॉब या विदुषीने 1875 मध्ये लंडन येथे संस्था स्थापन केली. 1876 मध्ये पार्लमेंटने कायदा केला. परंतु प्रयोग थांबले नाहीत, परवाना घेऊन ते चालूच राहिले. पुढे संस्थेत दोन तट पडले. संपूर्ण बंदी होईपर्यंत शक्य तेवढ्या यातना तरी कमी कराव्यात, असे स्टीफन कोलरिज यांचे मत होते. कॉबबाईंना ही तडजोड अमान्य होती. 1898 मध्ये बहुमत कोलरिज यांच्या बाजूने पडले. पंचाहत्तरी गाठलेल्या कॉबबाईंनी स्वतः उभारलेली संस्था सोडली आणि दुसरी काढली.

दोन्ही पक्षांच्या अंतःकरणात करुणाच होती. पण शक्ती मात्र विभागली. 1876 चा तो कायदा 1986 पर्यंत, म्हणजे 110 वर्षे टिकला. फूट हे त्याचे एकमेव कारण नव्हे. तथापि वादाची किंमत वाद घालणाऱ्यांपेक्षा मुक्या प्राण्यांनीच अधिक मोजली.

1990 मध्ये कॉबबाईंच्या त्या दुसऱ्या संस्थेने युरोपातील इतर संस्थांसह संघ स्थापन केला. सर्व प्रश्नांवर एकमत होण्याची वाट न पाहता, सौंदर्यप्रसाधनांसाठी होणारे प्राण्यांवरील प्रयोग थांबविण्यासाठी त्यांनी एकत्र लढा दिला. 2013 मध्ये युरोपीय संघात अशा प्रयोगांतून आलेल्या नव्या प्रसाधनांच्या विक्रीवर पूर्ण बंदी आली. भारतानेही 2014 मध्ये प्रसाधनांसाठी प्राण्यांवर चाचण्या करण्यास बंदी घातली.

मुंबईने हा धडा फार पूर्वीच गिरविला होता. भटक्या कुत्र्यांच्या हत्येने लोकमत क्षुब्ध झाल्यानंतर, 1834 मध्ये जमशेटजी जीजीभॉय व मोतीचंद अमीचंद शहा यांच्या पुढाकाराने पांजरपोळ उभी राहिली. उपासना निराळी, आहार निराळा. तरी जीव वाचविण्याच्या कामी पारशी व हिंदू-जैन व्यापारी एकत्र आले.

आज कोणी पांजरपोळ चालवितो, कोणी जखमी पक्ष्यांवर उपचार करतो, कोणी कायद्यासाठी न्यायालयात झगडतो. आपलीच वाट खरी, असे प्रत्येकाने म्हटले तर अनेकांत केवळ प्रवचनापुरता उरेल. मतभेद चर्चेत अवश्य असावेत. परंतु जखमी जीव दारी आला असता त्याला उचलणारे हात एकमेकांच्या मदतीला धावावेत. जीवदयेची खरी कसोटी तिथेच आहे.

जय जिनेंद्र!