ओवी म्हणा, नीट भरून ठेवा

(मासिक बैठकीत गटातील एका सदस्येने केलेले भाषण)



आज कर्ज-हप्त्यावर बोलणार नाही. आज बोलायचंय आपल्या गळ्याबद्दल.

माझ्या सासूबाईंना जात्यावरच्या ओव्या खूप पाठ होत्या. मी त्यांचा आवाज मोबाईलमध्ये भरला. पत्र्याखाली बसवलं, डोक्यावर पंखा चालू, मोबाईल लांब खिडकीत. त्यांनी अकरा ओव्या म्हटल्या. मी मात्र ऐकून बघितलंच नाही. पुढच्या पावसाळ्यात त्या गेल्या. मग लावलं, तर नुसती पंख्याची घरघर, मधूनच एखादा शब्द. अकरातल्या सात मला आठवतात. त्या आता मीच म्हणून ठेवायच्या ठरवल्या. पण गळा काही गाण्याचा नव्हता. धडपडत जे शिकले, ते सांगते.

पहिलं म्हणजे, आपला आवाज ऐकून लाजू नका. मला तर वाटलं, ही कोण बाई? बोलताना आपला आवाज आपल्याला हाडांतूनही ऐकू येतो, म्हणून तो भरीव वाटतो. मोबाईल फक्त हवेतून आलेला आवाज घेतो. लोकांना आपण रोज तशाच ऐकू येतो बघा!

दुसरं, सिनेमातल्या बाईसारखं उंच जाऊ नका. ज्या पट्टीत तुम्ही बाळाला झोपवता, तिथून सुरू करा. ओवीतली सगळ्यांत उंच जागा आधी म्हणून बघा. तिथं गळा ताणला, तर अख्खी ओवी थोडी खाली घ्या.

तिसरं, श्वास. मांडी घालून ताठ बसा, पोटावर हात ठेवा. श्वास घेताना पोट पुढं आलं पाहिजे, खांदे वर जाता कामा नयेत. ओळ संपली की श्वास घ्या, शब्द मधे तोडू नका. माझे ओळीचे शेवटचे शब्द गिळले जायचे, ते श्वास पुरत नव्हता म्हणून. आधी पाच मिनिटं तोंड मिटून गुणगुणा, कोमट पाणी प्या. घसा बसला असेल तर त्या दिवशी गाऊच नका.

चौथं, लय. ओवीची लय जात्याच्या फेऱ्याची. जातं नसलं की आपण पळत सुटतो. म्हणून मी दळल्यासारखा हात फिरवत म्हणते. चाल आपोआप जाग्यावर येते.

आता मोबाईल. पत्र्याच्या रिकाम्या खोलीत आवाज घुमतो. गोधड्या, कपडे, धान्याची पोती असलेल्या खोलीत बसा. पंखा, टीव्ही बंद. मोबाईल विमान मोडवर टाका, नाहीतर ऐन ओवीत फोन वाजतो. तो तोंडापासून वीत-दीड वीत लांब आणि जरा बाजूला ठेवा. अगदी समोर धरला तर ‘प’, ‘फ’, ‘भ’ म्हणताना वारा लागून फटफट येते. आधी एकच ओवी भरा आणि लगेच ऐका. मी चुकले ते इथंच.

सुरुवातीला नाव, गाव, तारीख आणि ओवी कुणाकडून शिकलात ते बोला. एक प्रत दुसऱ्या मोबाईलमध्येही ठेवा. आणि म्हणणारीला विचारल्याशिवाय व्हॉट्सॲपवर टाकू नका. आवाज तिचा आहे.

मैत्रिणींनो, हे काम लहान नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांसोबत गावोगाव फिरून आपल्यासारख्या बायकांच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. ‘पारी’ या संकेतस्थळावर त्यातल्या कितीतरी आज वाचता-ऐकता येतात. ज्या बायकांना कुणी कधी विचारलं नव्हतं, त्यांचं सुखदुःख त्यात आहे.

गिरणी आली, जाती कोपऱ्यात गेली. ओव्या म्हाताऱ्या बायकांच्या तोंडात उरल्या. पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं एक ओवी भरून आणायची. घरात आजी असेल तर आधी तिची. पंखा बंद करायला विसरू नका.