छातीवरचे पदक कागदावरही हवे

(भिलाई येथे रेल्वे व टपाल खात्यातील माजी सैनिक कामगारांच्या सभेत केलेले भाषण)



पगार, बोनस, रिक्त जागा यांवर आम्ही नेहमीच बोलतो. आजचा विषय थोडा वेगळा आहे. आपल्यातले बरेच जण आधी सैन्यात होते आणि मग रेल्वेत किंवा पोस्टात आले. त्यांच्या सैन्यातल्या कागदांबद्दल आज बोलायचे आहे. विषय कोरडा वाटेल, पण यात कुणाची बढती अडकलेली आहे, कुणाचा भत्ता अडकलेला आहे, आणि कुणाच्या विधवेचा मान अडकलेला आहे.

सैन्यातून सुटताना जवानाच्या हाती डिस्चार्ज बुक देतात. त्यात त्याचा नंबर, हुद्दा, पलटण, नोकरीचा काळ, शिक्षण, ट्रेड, केलेले कोर्स आणि मिळालेली पदके लिहिलेली असतात. निदान लिहिलेली असायला हवीत. आम्ही गेल्या काही महिन्यांत आपल्या सभासदांची डिस्चार्ज बुके मागवून पाहिली. पदक घरी पेटीत आहे, पण पुस्तकात त्याची ओळ नाही. कोर्स केला, पास झाला, पण ट्रेडच्या रकान्यात रेघ मारलेली आहे. नावाचे स्पेलिंग तर विचारूच नका. आपल्या विदर्भाकडचा जाधव एका कागदावर इंग्रजीत शेवटी 'व्ही' लावून आहे, दुसऱ्यावर 'ओ' लावून. माणूस एक आणि कागदावर दोन!

अशी चूक होते कशी, ते समजून घ्या. सैन्यात जवानाच्या बाबतीत काहीही घडले, म्हणजे कोर्स झाला, बदली झाली, लग्न झाले, मूल झाले, पदक मिळाले, की युनिटने 'पार्ट टू ऑर्डर' काढायची असते. ती ऑर्डर रेकॉर्ड ऑफिसला पोचते आणि तिथे जवानाच्या कागदावर नोंद चढते. ऑर्डर निघालीच नाही, किंवा निघाली आणि नंबरात एक आकडा चुकला, तर नोंद होत नाही. कोर्स एका ठिकाणी, युनिट दुसऱ्या ठिकाणी, आणि मध्येच युनिट हलले, तर असा कागद हमखास राहतो. जवान त्या वेळी सीमेवर असतो. कारकुनाकडे जाऊन "माझी ऑर्डर निघाली का" असे तो कुठून विचारणार?

ही साध्या जवानाचीच गोष्ट आहे असे समजू नका. कारगिलच्या लढाईत ४ जुलै १९९९ रोजी टायगर हिलवर १८ ग्रेनेडियर्सचे योगेंद्रसिंह यादव लढले. त्यांना परमवीर चक्र जाहीर झाले ते मरणोत्तर म्हणून. नंतर उलगडा झाला की ते जिवंत आहेत आणि रुग्णालयात उपचार घेत आहेत. त्यांच्याच नावाचा दुसरा जवान धारातीर्थी पडला होता. त्याआधी १९६२ च्या चीन युद्धात मेजर धनसिंह थापा यांचेही तसेच झाले. परमवीर चक्र मरणोत्तर जाहीर झाले, आणि ते निघाले चीनच्या कैदेत. पुढे १९६३ साली ते परत आले. देशातल्या सर्वांत मोठ्या शौर्यपदकाच्या बाबतीत असे घडू शकते, तर तुमच्या-आमच्या सैन्य सेवा मेडलची काय कथा! म्हणूनच सैन्यात नावापेक्षा पर्सनल नंबर मोठा. तो नंबर पाठ असू द्या आणि घरच्यांनाही माहीत असू द्या.

आता उलट उदाहरण घ्या. नोंद नीट असली तर काय होते? राळेगण सिद्धीचे अण्णा हजारे सैन्यात ट्रक चालवत होते. त्यांच्या राजकारणाबद्दल आपल्यात दोन मते असतील, तो आजचा विषय नाही. २०११ साली दिल्लीत त्यांचे आंदोलन चालू असताना ते सैन्यातून पळून आले होते असा बोभाटा झाला. तेव्हा माहितीच्या अधिकारात कोणीतरी सैन्याला विचारले. सैन्याने जुनी नोंद काढून उत्तर दिले, की शिपाई किसन बाबूराव हजारे सन्मानाने सेवामुक्त झाले. सैन्य सेवा मेडल, नऊ वर्षे दीर्घ सेवा मेडल, संग्राम मेडल, स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचे मेडल आणि पश्चिमी स्टार अशी पाच पदके त्यांच्या नावावर आहेत. बोलणाऱ्यांची तोंडे बंद झाली. ज्या कागदाने ती बंद केली, तो कोण्या काळी एका कारकुनाने नीट भरून ठेवला होता. मित्रहो, त्यांची नोंद अर्धवट असती तर काय झाले असते, याचा विचार करा.

आता पोटापाण्याचे बोलू. रेल्वेत लेव्हल १ च्या भरतीत माजी सैनिकांना २० टक्के आणि त्यावरच्या गट 'क' मध्ये १० टक्के जागा राखीव असतात. मॅट्रिक झालेला आणि १५ वर्षे सैन्यात काढलेला माणूस, पदवी लागणाऱ्या पण तांत्रिक अनुभव न मागणाऱ्या गट 'क' च्या जागेसाठी पात्र धरला जातो. सैन्यातले विशेष शिक्षण प्रमाणपत्र यात मॅट्रिकच्या जागी चालते. पण ते प्रमाणपत्र नोंदीत नसेल, तर पंधरा वर्षे बंदूक खांद्यावर वाहिलेला माणूस खालच्याच जागेवर राहतो. कोर्सची ओळ नसणे म्हणजे काय, ते यावरून ध्यानात घ्या.

पदकाचेही तसेच. केंद्र सरकार शौर्यपदकांना दरमहा भत्ता देते. १ ऑगस्ट २०१७ पासून तो दुप्पट झाला. परमवीर चक्राला २०,००० रुपये, वीर चक्राला ७,००० आणि शौर्याच्या सेना मेडलला २,००० रुपये. 'शौर्याच्या' हा शब्द नीट ऐका. सेना मेडल दोन प्रकारचे असते, एक शौर्यासाठी आणि एक विशिष्ट सेवेसाठी. भत्ता पहिल्यालाच आहे. कागदावर नुसते 'सेना मेडल' लिहिले आणि पुढचा शब्द गळला, तर महिन्याचे दोन हजार गळतात. आपल्या रेल्वेचा कार्ड पासही चक्र मालिकेच्या मानकऱ्यांना आणि त्यांच्या विधवांना मिळतो. तो देणारा बाबू पदक पाहत नाही, कागद पाहतो. याच भिलाईचे नाईक कौशल यादव २५ जुलै १९९९ रोजी कारगिलमध्ये शहीद झाले आणि त्यांना मरणोत्तर वीर चक्र मिळाले, हे इथे शाळेतले पोरही सांगेल. पण ज्यांचे नाव चौकात लागलेले नाही, त्यांची साक्ष द्यायला कागदाशिवाय दुसरे कोण आहे?

पोस्टातल्या बंधूंचा तर या विषयाशी दुहेरी संबंध आहे. सैन्याची डाक सांभाळणारी आर्मी पोस्टल सर्व्हिस कोअर १ मार्च १९७२ रोजी स्वतंत्र झाली. तिचे केंद्र आपल्याच लाइनवर, कामठीला आहे. त्या कोअरमध्ये फार मोठ्या संख्येने माणसे टपाल खात्यातूनच डेप्युटेशनवर जातात. वर्दी घालतात, डोंगरात-बर्फात पत्रे पोचवतात आणि पुन्हा खिडकीवर येऊन बसतात. त्यांची पदके आणि त्यांचे प्रशिक्षण सैन्याच्या कागदावर तर हवेच, पण टपाल खात्याच्या सर्व्हिस बुकातही हवे. दोन्ही बुके आजच पडताळून पाहा.

आमच्या शाखेतली एक हकिकत सांगतो. एक गडी सिग्नल विभागात हेल्पर आहे. सैन्यात त्याने टेलिफोन लाइनचा कोर्स केला होता, पण डिस्चार्ज बुकात त्याची नोंद नव्हती. प्रमाणपत्र पावसात घर गळले तेव्हा गेले. रेकॉर्ड ऑफिसने कळवले, नोंद नाही, पुरावा आणा. पुरावा आणायचा कुठून? आम्ही त्याला विचारले, कोर्सला बरोबर कोण कोण होते? आठवून आठवून एक नाव निघाले. तो माणूस राजनांदगावकडे पोस्टमन निघाला. त्याने आपल्या ट्रंकेतून जुनी पार्ट टू ऑर्डर काढली. एका ऑर्डरीत पुष्कळ जणांची नावे असतात. तिच्यात अकराव्या ओळीवर आमच्या हेल्परचे नाव होते, फक्त नंबरातला शेवटचा आकडा चुकलेला! त्या कागदाची प्रत लावून अर्ज गेला आणि चौदा महिन्यांनी कोर्सची नोंद चढली. मधल्या काळात एक सिलेक्शन हातचे गेले. पुढच्याला तो बसणार आहे. नोकरी तीन वर्षे उरली आहे. त्याच्या एका मेडलचा पत्रव्यवहार अजून चालूच आहे. पण बघा, पोस्टमनच्या ट्रंकेतल्या कागदाने रेल्वेच्या हेल्परचे काम झाले. युनियन म्हणजे दुसरे काय असते?

तेव्हा आता काय करायचे ते सांगतो.

पहिले, डिस्चार्ज बुक, पी.पी.ओ. आणि खात्याचे सर्व्हिस बुक समोरासमोर ठेवून वाचा. नाव, नंबर, जन्मतारीख, पत्नीचे नाव, कोर्स, पदके. फरक दिसेल तिथे पेन्सिलीने खूण करा. संरक्षण पेन्शन 'स्पर्श' या संगणकीय पद्धतीवर गेल्यापासून असे फरक जास्तच बोचू लागले आहेत. जुन्या बुकांवर पत्ता 'जिल्हा दुर्ग, मध्य प्रदेश' असेल. छत्तीसगड राज्य १ नोव्हेंबर २००० रोजी झाले, त्यामुळे तो पत्ता चुकीचा नाही. पण आजचा पत्ता कळवून ठेवा, नाहीतर उत्तर जुन्या दारावर जाऊन परत फिरेल.

दुसरे, पुरावा गोळा करा. शौर्यपदक असेल तर भारताच्या राजपत्रातील अधिसूचनेची प्रत. कोर्स असेल तर प्रमाणपत्र किंवा पार्ट टू ऑर्डरचा नंबर व तारीख. पदकाची कडा बघा, बहुधा तिथे नंबर, हुद्दा, नाव कोरलेले असते. त्याचा स्वच्छ फोटो काढा. आणि पदके विकू नका, पोरांना खेळायला देऊ नका.

तिसरे, अर्ज आपापल्या रेकॉर्ड ऑफिसला करा. मराठा लाइट इन्फंट्रीवाल्यांनी बेळगावला, महार रेजिमेंटवाल्यांनी सागरला, तोफखान्याने नाशिक रोडला, सिग्नल्सने जबलपूरला, बॉम्बे सॅपर्सने खडकीला. नौदलवाल्यांचे ऑफिस मुंबईत मानखुर्दच्या चीता कॅम्पला, हवाईदलाचे दिल्लीत सुब्रोतो पार्कला. अर्जाची एक प्रत दुर्गच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला द्या. अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपा. जुने रजिस्टर्ड पोस्ट २०२५ साली स्पीड पोस्टात विलीन झाले, हे पोस्टातले बंधू जाणतातच.

चौथे, उत्तर आले नाही तर २००५ चा माहितीचा अधिकार आहे. दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर लावा आणि स्वतःच्या नोंदींच्या प्रती मागा. ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. मिळाले नाही तर पहिले अपील, आणि मग केंद्रीय माहिती आयोग. आणि लेखी नकार आला तर सशस्त्र सेना न्यायाधिकरण आहे. छत्तीसगडसाठी त्याचे खंडपीठ जबलपूरला, महाराष्ट्रासाठी मुंबईला. अंतिम नकारापासून सहा महिन्यांच्या आत जावे लागते. नकाराचे पत्र उशीखाली ठेवून वर्ष घालवू नका.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. मिळालेल्या पदकाची नोंद मागणे वेगळे, आणि न मिळालेले पदक मागणे वेगळे. पहिला हक्क आहे, त्यासाठी युनियन शेवटपर्यंत उभी राहील. दुसऱ्यासाठी ठरलेल्या क्षेत्रात ठरलेले दिवस काढल्याची युनिटची नोंद लागते, किंवा त्या वेळच्या कमांडरची शिफारस लागते. खोटे काही लिहू नका. एकाच्या खोट्या अर्जाने दहा खऱ्यांवर संशय येतो.

आणि घाई का करायची? जे पेन्शन न घेता सैन्यातून आले, त्यांचे कागद नियमाप्रमाणे २५ वर्षांनी नष्ट केले जातात. मग उरतो तो लाँग रोल, ज्यात मोजक्याच गोष्टी असतात. साक्षीदारही थकत चालले आहेत. आज ज्या कामाला एक पोस्टल ऑर्डर पुरते, ते दहा वर्षांनी होणारच नाही. मागे राहिलेल्या आपल्या वहिनींना तर नवऱ्याचा नंबरही माहीत नसतो. आपण गेल्यावर त्यांनी ऑफिसांच्या पायऱ्या झिजवायच्या का?

म्हणून शाखेने ठरवले आहे, की दर रविवारी सकाळी युनियन ऑफिसात दोन माणसे बसतील. ज्याला इंग्रजी अर्ज जमत नाही, त्याचा अर्ज ती लिहून देतील. प्रत्येक जुन्या पार्ट टू ऑर्डरची झेरॉक्स एका फाइलीत राहील, कारण तुमच्या कागदात दुसऱ्याचे नाव सापडू शकते. येताना डिस्चार्ज बुक आणा, आणि आपल्या गल्लीतल्या एखाद्या वीरपत्नीला, एखाद्या थकलेल्या सुभेदार काकांना बरोबर घेऊन या.

ही कुणाची मेहेरबानी नाही. जे केले, ते लिहिले जावे, एवढीच मागणी आहे.

 जय हिंद! कामगार एकजुटीचा विजय असो!